दुसरीच्या मुलांकडून कागदी भोवरे: घडी चुकते तेव्हा आपण किती हात लावावा?

प्रश्न (गुहागर तालुका)

नमस्कार. गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात मी इयत्ता दुसरीला शिकवते. वर्गात १९ मुले आहेत. आषाढाची झड लागली की मैदानावर पाऊल टाकता येत नाही आणि मधली सुट्टी व्हरांड्यातच काढावी लागते, म्हणून यंदा मुलांकडून कागदाचे भोवरे करून घ्यावेत असे मी ठरवले. लाकडी भोवरा आणि त्याची जाळी अजून बऱ्याच घरांत आहे. परंतु सहा-सात वर्षांच्या हाताला जाळी घट्ट गुंडाळून भोवरा झटक्याने सोडणे जमत नाही, आणि अरुंद व्हरांड्यात ती लोखंडी आर कोणाच्या पायावर पडेल याचीही धास्ती वाटते.

माझी कृती साधी होती. ए-फोर कागदाचा कोपरा समोरच्या कडेवर दुमडून २१ सेंटिमीटरचा चौरस काढला, त्याचे चारही कोपरे मध्यावर आणून दुमडले, तीच घडी आणखी दोनदा घातली आणि तयार झालेल्या जाड चौकोनाच्या मध्यभागी काडेपेटीतली काडी खोवली. घरी केलेला भोवरा बरा फिरला. वर्गात मात्र १९ पैकी चारच फिरले. बाकीचे दोन-तीन गिरक्या घेऊन डुगडुगले आणि कलंडले. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता, कागद हाताला ओलसर लागत होता, आणि घातलेली घडी सोडली की पुन्हा उलगडत होती.

मग मी एकेकाच्या शेजारी बसून घड्या उलगडल्या, कोपरे जुळवले आणि नखाने दाबून दिले. भोवरे फिरू लागले. पण एका मुलीने आपला भोवरा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि ती म्हणाली, “बाई, हा तुमचा झाला. माझा पडणारा होता.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

पावसाळ्यात कागद कोणता वापरावा आणि तो कसा ठेवावा, भोवरा डुगडुगण्याचे खरे कारण कोणते, आणि मुलाची घडी चुकलेली दिसत असताना शिक्षकाने किती हात लावावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे. कागदाच्या खेळण्यात काडी घालणे योग्य की अयोग्य, हीही एक शंका आहे.

उत्तर (वेंगुर्ले)

बाई, मी निवृत्त हस्तकला शिक्षक आहे आणि माझी सगळी नोकरी किनाऱ्यावरच्या शाळांत झाली, त्यामुळे सादळलेल्या कागदाशी माझा जुना परिचय आहे. कुरडया-पापडांची आपण जशी काळजी घेतो तशीच कागदाची घ्यावी लागते. रीम उघडी ठेवू नये. लागतील तेवढे कागद आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी कोरडे भाजून थंड केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवून, बंद करावेत आणि वर्गात डबा घडी घालायच्या वेळीच उघडावा. फारच ओल असेल तर कोमट इस्त्री फिरवावी. वर्तमानपत्राचा कागद या दिवसांत निरुपयोगी ठरतो आणि कॅलेंडरचा गुळगुळीत जाड कागद घडीवर तडकतो. साधा ए-फोर किंवा पातळ रंगीत घोटीव कागद उत्तम.

एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. कागद करताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला लोळतात, त्यामुळे लाकडाप्रमाणे कागदालाही उभा-आडवा असतो. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी सरळ आणि धारदार पडते, आडवी घातलेली अडून बसते. दमट हवेत तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, रुंदीला फुगतात; म्हणून काल अचूक कापलेला चौरस आज एका बाजूने किंचित वाढलेला असतो आणि चार कोपरे मध्यावर एकमेकांना भेटत नाहीत. तुमच्या मुलांचे कोपरे जुळले नाहीत याचा सगळा दोष त्यांच्या बोटांवर टाकू नका. ज्या दिवशी चौरस कापायचा त्याच तासाला घडी घालायची, हा नियम मी कायम पाळला.

हा उभा-आडवा मुलांनाही शोधता येतो. एकाच कागदातून एक उभी आणि एक आडवी अशा सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापाव्यात, त्या एकावर एक ठेवून टोकाशी चिमटीत आडव्या धराव्यात, मग वरची खाली करून पुन्हा धराव्यात. जी पट्टी जास्त लवते तिच्यात तंतू आडवे आहेत. तुमच्या कृतीतही याचा परिणाम होतो. पहिल्या वेळी कोपरे मध्यावर आणताना चारही घड्या कागदाच्या कडांशी तिरक्या पडतात, म्हणून चारही सारख्याच सहज बसतात. दुसऱ्या वेळी मात्र त्या मूळ कडांना समांतर होतात, कागद दुहेरी असतो आणि प्रत्येक घडीत एका थराचे तंतू घडीच्या दिशेने तर दुसऱ्याचे आडवे येतात, म्हणून चारही थोड्या रुसतात. या घड्यांवर नख दोनदा फिरवायला मुलांना सांगावे.

घडीविषयी आणखी एवढेच. आधी दोन्ही कर्णांवर घडी घालून उलगडावी, म्हणजे मध्यबिंदू डोळ्यांना दिसतो. कोपरा त्या बिंदूवर टेकवू नये. सुतभर अलीकडे थांबवावा. चारही कोपरे अगदी बिंदूवर आणले तर पुढच्या घडीत कागदाची जाडी आडवी येते, कोपरे एकमेकांवर चढतात आणि मध्याला टेंगूळ येते.

हात लावण्याविषयी विचारलेत. मुलाच्या कागदाला मी हात लावत नसे. माझ्या हातात माझा कागद असे, तोही वर्तमानपत्राचा दोन हात रुंद चौरस, आणि मी मुलांच्या बरोबरीने, पण त्यांच्यापेक्षा एक घडी मागे राहून, दुमडत असे. मी मागे आहे हे पाहून मुले मला सांगू लागत, आणि सांगताना स्वतःच्या हातातला कागद पुन्हा नीट पाहत.

उत्तर (रत्नागिरी)

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. गुरुजींनी कागदाची बाजू इतकी नेमकी मांडली आहे की मी भोवऱ्याच्या बाजूनेच लिहितो.

साध्या ए-फोर कागदाचे वजन, तो ८० ग्रॅम प्रति चौरस मीटर या प्रतीचा असेल तर, ५ ग्रॅम भरते. त्यातून काढलेला २१ सेंटिमीटरचा चौरस सुमारे साडेतीन ग्रॅमचा. कोपरे मध्यावर आणून घातलेल्या प्रत्येक घडीने वजन तेवढेच राहते, पण क्षेत्रफळ निम्मे होते आणि वस्तुमान मध्याकडे सरकते. भोवरा किती वेळ तग धरतो हे त्याच्या वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते वजन आसापासून किती दूर आहे यावर ठरते, कारण या हिशेबात अंतराचा वर्ग येतो. सपाट चौरसाची फिरत राहण्याची क्षमता, म्हणजे त्याचे जडत्व आघूर्ण, एका घडीने निम्मे होते, दोन घड्यांनी पाव आणि तुमच्या तीन घड्यांनी एक अष्टमांश. दुसरीकडे, एकही घडी न घातलेला कागद फडफडतो आणि हवेतच सगळा वेग गमावतो. म्हणून मधला मार्ग म्हणून मी दोन घड्या सुचवतो. साडेदहा सेंटिमीटरचा, चार थरांचा चौकोन मिळतो आणि तुमच्या तीन घड्यांच्या भोवऱ्यापेक्षा त्याची क्षमता दुप्पट असते.

याहीपुढे एक युक्ती आहे. दुसऱ्या घडीत मध्यावर आलेली चार टोके पुन्हा उलटी दुमडून आपापल्या कडेच्या मध्याशी न्यावीत. चौकोनाला दाराच्या चौकटीसारखी जाड किनार येते. वजन कडेला गेले, त्यामुळे त्याच कागदाचा भोवरा जास्त वेळ फिरतो. मुलांनी एक चौकटीचा आणि एक बिनचौकटीचा भोवरा करून एकाच वेळी सोडावा. कारण सांगण्यापूर्वी त्यांना तर्क करू द्यावा.

काडीविषयी. काडेपेटीची काडी चौकोनी आणि आखूड असते, तिचे टोक लवकर झिजते. आपल्याकडे प्रत्येक घरात वाढवण, म्हणजे माडाच्या हिरांची (पातीच्या मधल्या शिरांची) केरसुणी, आहे. तिचा एक जुना, कडक हीर घ्यावा, त्याचा सहा सेंटिमीटरचा सरळ तुकडा कापून एक टोक घासून निमुळते करावे. भोक मोठ्या माणसाने कंपासपेटीतल्या कर्कटकाने पाडावे. कागद टोकापासून दीड सेंटिमीटरवर बसवावा. त्याहून वर गेला तर गुरुत्वमध्य उंचावतो आणि भोवरा लगेच कलंडतो. फार खाली आला तर थोड्याशा झुकावानेही कोपरा जमिनीला घासतो.

कागद हिरावर सैल राहिला तर सगळी मेहनत वाया जाते, आणि चौकटीच्या भोवऱ्यात मध्याला थर कमी उरत असल्यामुळे तो सैल होतोच. यावर उपाय त्याच कागदात आहे. चौरस काढल्यावर ८.७ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते. तिच्यातून एक सेंटिमीटर रुंद आणि २१ सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापाव्यात, एक कागदाच्या लगेच वर आणि एक लगेच खाली हिरावर घट्ट गुंडाळून डिंकाने चिकटवावी. गुंडाळी साधारण साडेपाच मिलिमीटर जाड होते, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, आणि वरची गुंडाळी लहान बोटांना चांगली मूठ देते. बारीक दांडीला बोटांच्या एकाच चोळण्यात जास्त फेरे मिळतात हे खरे. पण दुसरीच्या मुलाच्या चिमटीतून नुसता हीर निसटतो.

तोल पाहायचा असेल तर हीर दोन वह्यांच्या कडांवर आडवा टेकवून भोवरा मधल्या फटीत मोकळा सोडावा. दरवेळी तीच बाजू खाली येत असेल तर ती जड आहे. समोरच्या बाजूच्या कडेला नखाएवढा कागद चिकटवून पाहावा.

उत्तर (डहाणू तालुका)

काडी घालावी की नाही, या शंकेपुरते लिहिते. निव्वळ घडीचा भोवरा करायचा असेल तर जपानमध्ये तीन चौरस कागदांचा भोवरा मुलांना शिकवतात. दोन कागदांची चकती होते, तिसऱ्याची मूठ होते आणि मुठीचे चार पाय चकतीच्या कप्प्यांत खोवले जातात. ना गोंद, ना काडी. तो सुंदरच असतो, पण त्यात तीन कागदांच्या घड्या एकमेकींना जुळाव्या लागतात, म्हणून तो चौथी-पाचवीपूर्वी देऊ नये असे माझे मत आहे.

दुसरीच्या मुलाच्या भोवऱ्यात हीर आला म्हणून त्यात काही उणे येत नाही. आमच्या तालुक्यात बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ तेथेच त्यांच्यासोबत काम करू लागल्या, आणि परिसरात सहज मिळणाऱ्या शंखशिंपल्यांपासून, पानाफुलांपासून त्यांनी बालवाडीची साधने तयार केली. किनाऱ्यावरच्या शाळेत माडाचा हीर वापरणे मला त्याच वाटेवरचे वाटते.

उत्तर (रेवदंडा)

बाई, मी शिक्षिका नाही, दोन मुलांची आई आहे. पण तुमच्या त्या विद्यार्थिनीचे वाक्य वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. माझ्या मोठ्या मुलाचेही असेच झाले होते. मी त्याची घडी सुधारून दिली की तो भोवरा धाकट्याला देऊन टाकायचा. माझा मार्ग योगायोगाने सापडला. त्याने भोवऱ्यावर स्केचपेनने ठिपके काढले होते, आणि फिरताना प्रत्येक ठिपक्याचे वर्तुळ झाले. ते पाहून आम्ही ठिपक्यांऐवजी एक वर्तुळच काढून पाहिले.

करायचे ते असे. घड्यांची बाजू खाली आणि सपाट बाजू वर ठेवावी. भोक पाडण्यापूर्वी, घड्यांच्या रेषा जिथे छेदतात तो मध्य धरून एक बारीक वर्तुळ काढावे. कंपासने मोठ्यांनी काढून दिले तरी चालेल. मग मुलाने ठरवलेल्या जागी हीर बसवून भोवरा फिरवावा. हीर नेमका मध्यात असेल तर वर्तुळाची रेष फिरतानाही रेषच राहते. हीर सरकलेला असेल तर ती पसरून पट्टा दिसू लागतो, आणि हीर जितका सरकलेला तितक्याच्या दुप्पट त्या पट्ट्याची रुंदी असते. चार मिलिमीटरचा पट्टा दिसला, तर हीर दोन मिलिमीटर बाजूला आहे. माझ्या मुलाने मला काही न विचारता हीर काढला, पहिले भोक कागदाच्या तुकड्याने बुजवले आणि नवे पाडून मागितले. काय चुकले ते त्याला भोवऱ्याने दाखवले, मी नाही, म्हणून त्याला कमीपणा वाटला नाही.

जागेबद्दलही सांगते. चिऱ्याच्या अंगणात किंवा सारवलेल्या जमिनीवर कागदी भोवरा टिकत नाही. स्टीलची जेवणाची थाळी सुलटी ठेवावी. काठामुळे भोवरा बाहेर जात नाही, तळ गुळगुळीत असतो, आणि हिराचे टोक थाळीवर जी बारीक किणकिण करते ती वेग मंदावला की बदलते. माझा धाकटा डोळे मिटून सांगतो, “आता पडणार.”

रंग भरायचे असतील तर अर्धा लाल आणि अर्धा पिवळा रंगवून नारिंगी पाहावा. लहान मुलांना तो लगेच ओळखता येतो. इंद्रधनुष्याचे सात रंग भरून पांढरा दिसेल असे मात्र त्यांना आधी सांगू नका. स्केचपेनच्या रंगांनी राखाडीसर छटा दिसते आणि पांढऱ्याची वाट पाहणारी मुले हिरमुसतात.

प्रश्नकर्तीचे निवेदन (गुहागर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. दहा-बारा दिवसांत जे करता आले ते कळवते, कारण उत्तरे वाचून मी वर्गातला क्रमच बदलला.

पहिल्या दिवशी भोवरा केलाच नाही. फक्त दोन पट्ट्या धरून कोणती लवते ते पाहिले. वेंगुर्ल्याच्या गुरुजींनी सांगितलेली ही गोष्ट मुलांनी इतकी मनावर घेतली की दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीची पाने, सुपारीच्या पुडीचा कागद, किराणा दुकानातली जाड पिशवी, सगळ्यांच्या पट्ट्या आणल्या. कागद बिस्किटांच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवले. पाऊस धरून असतानाही घडी बसली. सुतभर फट ठेवण्याची सूचना मुलांना शब्दांत समजली नाही, म्हणून मध्यावर तांदळाचा एक दाणा ठेवून “दाण्याला धक्का लागू द्यायचा नाही” असे सांगितले, तेव्हा जमले. घडी दाबण्यापूर्वी दाणा उचलायचा असतो, हे दोन मुलांना दोनदा सांगावे लागले.

सर, तुमची चौकटीची घडी १९ पैकी ११ मुलांना जमली. उरलेल्यांनी दोन घड्यांचाच भोवरा ठेवला आणि तोही पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला फिरला. गुंडाळीची पट्टी मात्र सात वर्षांच्या हाताला घट्ट गुंडाळता येत नाही, सैल सुरळी होते. चौथीतल्या मुलांना बोलावून त्यांच्याकडून गुंडाळून घेतल्या. हा हात लावणे झाले खरे, परंतु मोठ्या भावंडांनी केलेली मदत मुलांना परकी वाटली नाही, एवढे मी पाहिले.

रेवदंड्याच्या ताईंचे वर्तुळ सर्वांत उपयोगी पडले. माझ्या टेबलावर भोवरा आणून ठेवणाऱ्या त्या मुलीचा पट्टा बोटाएवढा रुंद दिसत होता. मी शेजारी माझा कागद दुमडत बसले होते आणि मला फार प्रयत्नाने गप्प राहावे लागले. तिने भोवरा उचलला, उजेडाकडे धरला, भोकापासून वर्तुळापर्यंतचे अंतर चारही बाजूंनी बोटाच्या पेराने मोजले आणि मग पेन्सिलीने एक नवा ठिपका दिला. “इथे पाडा, बाई.” तिथे पाडले. पट्टा पूर्ण गेला नाही, पण काडीएवढा बारीक झाला, आणि थाळीत भोवरा फिरत असताना वर्गाने २६ पर्यंत मोजले. तो तिने दप्तरात ठेवला.

एक अडचण उरली आहे. ताज्या झावळीतून काढलेले हीर दोन दिवसांत वाळून वाकतात आणि वाकलेल्या हिरावर भोवरा कितीही नीट घडवला तरी हेलपाटत जातो. जुन्या वाढवणीतले सरळ असतात, पण प्रत्येकाच्या घरून थोडे थोडे आणले तरी ते फार पुरत नाहीत. आता तिसरीची मुलेही मागत आहेत. ओले हीर सरळच वाळावेत यासाठी ते जुडी बांधून ओझ्याखाली ठेवावेत की आढ्याला टांगावेत, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया लिहावे.

उत्तर (वेंगुर्ले)

टांगू नका, बाई. पाते सोलून हीर स्वच्छ करावेत, बुडख्याकडची टोके एका बाजूला घेऊन मुठीएवढी जुडी करावी, ती काथ्याने तीन ठिकाणी आवळावी आणि फळीखाली दाबून, पावसाची ओल लागणार नाही अशा जागी आठवडाभर ठेवावी. रोज एकदा जुडी फिरवावी. आणि भोवऱ्यासाठी बुडख्याकडचाच भाग घ्यावा. शेंड्याकडचा हीर वाळला तरी लवचीकच राहतो.